टेबल टेनिसच्या खोलीत पडलेला उजेड

लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात. धूळ आणि किस्से. धूळ आम्ही रोज पुसतो, कारण आमच्या कामात धुळीचा एक कण म्हणजे आठवड्याची मेहनत पाण्यात. किस्से मात्र पुसायचे राहून जातात. मग कोणी पाहुणा आला, चहा आला, की माझा विद्यार्थी हेमंत सुरू करतो, "मॅडम, तो कंपनीच्या ई-मेलचा सांगा ना!" आणि पाहुणा ज्या कामासाठी आलेला असतो, ते काम त्याच्यासकट सगळे विसरतात.

गोष्ट जळगावच्या एका कॉलेजातली. परदेशातली पीएच.डी. संपवून मी इकडे यायला निघाले, तेव्हा तिकडच्या मित्रांनी विचारलं, "जळगाव कुठे आलं?" इकडे आल्यावर नातेवाइकांनी विचारलं, "परत कशाला आलीस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशात होतं. दुसऱ्याचं मी अजून देतेच आहे. हे किस्से म्हणजे त्या उत्तराचाच एक भाग समजा.

* * *

कॉलेजनं आम्हाला जी खोली दिली ती टेबल टेनिसची. दिली म्हणजे उसनी दिली. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "मॅडम, मे महिन्यात बाहेरची तज्ज्ञ समिती येईल. तुमचं उपकरण त्यांच्यासमोर चाललं, तर खोली कायमची लॅबची. नाही चाललं, तर खोली परत खेळाची. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. नुकतीच विमानातून उतरले होते. मला काहीही चाललं असतं!

खेळाचे सोनवणे सर बाजूलाच उभे होते. त्यांना ते अजिबात चाललेलं नव्हतं. त्यांची मुलं गुणी. बाहेरच्या जिल्ह्यांत जाऊन सामने जिंकून यायची, आणि आता ती भर उन्हात व्हरांड्यात खेळत होती. सरांचा राग रास्त होता, म्हणून तर तो झेलणं जास्त अवघड!

दर शनिवारी सर दारात येऊन उभे राहायचे. गळ्यात शिट्टी, हाताची घडी.

"काय मॅडम, पडला का काही उजेड?"

"पडेल, सर."

"पडू द्या, पडू द्या. आम्हाला घाई नाही. मे महिन्यापर्यंत दम आहे आमच्यात!"

* * *

खोली मिळाली, आता माणसं हवी होती. एम.एस्सी.च्या वर्गासमोर मी भाषण ठोकलं. अगदी छाती फुगवून.

म्हटलं, केसाएवढी काचेची एक तार आहे. आडवी कापून मायक्रोस्कोपखाली धरली की मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रंच छिद्रं दिसतात, एकदम शिस्तीत मांडलेली. या मांडणीला म्हणतात फोटॉनिक क्रिस्टल. कुठल्या रंगाच्या प्रकाशानं तारेतून जायचं आणि कुठल्यानं नाही, हे ती मांडणी ठरवते. पण काच एकदा घडली की घडली; तिचा रंगही ठरलेला. म्हणून त्या छिद्रांत आपण लिक्विड क्रिस्टल भरायचं. तुमच्या टीव्हीच्या पडद्यात असतं तसलंच. ते किंचित तापवलं, किंचित निववलं, की तारेतून येणारा रंग बदलतो. जुन्या रेडिओचा कान पिळून स्टेशन लावावं, तसा आपण प्रकाशाचा कान पिळायचा! आणि हे जगातल्या मोजक्या लॅबमध्ये होतं. मग जळगावात का होऊ नये?

भाषण संपलं.

शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. नरडाण्याकडचा हेमंत.

"मॅडम, हे सिलॅबसमा शे का?"

"नाही."

"परीक्षेत येईल?"

"नाही."

"इकडे कोणाला येतं हे?"

"कोणालाच नाही."

"मग मी येतो!"

दुसऱ्या दिवशी तो वर्गातल्या रुचिताला घेऊन आला. तिचं घराणं राजस्थानातून येऊन धुळ्यात स्थिरावलेलं, कापडाच्या व्यापारातलं. तिनं बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, ह्याचा उपयोग काय?" मी दम घेऊन सुरुवात केली, सेन्सर, दूरसंचार, वैद्यकीय तपासण्या...

"बस, बस," रुचिता म्हणाली. "घरी सांगायला एकच पाहिजे होता!"

* * *

ती तार मी बॅगेतून घेऊन आले होते. माझ्या जुन्या लॅबनं निरोपाची भेट म्हणून तिचं एक वेटोळं दिलं होतं. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली.

"हे काय?"

"काच."

"काच अशी गुंडाळता येते?"

"ही येते. आतून पोकळ आहे. छिद्रं आहेत."

साहेब सावध झाले. "छिद्रांत काय आहे?"

"हवा."

"फक्त हवा?"

"आत्ता फक्त हवा. जळगावला गेल्यावर लिक्विड क्रिस्टल भरणार."

साहेबांनी वेटोळं उजेडात धरलं, फिरवलं, परत ठेवलं. मग अगदी घरच्या माणसासारखं म्हणाले, "अहो, मग तिकडेच भरून का नाही आणलं? एवढी सोय होती ना तिकडे?"

"तिकडे भरलं असतं, तर ते तिकडचं झालं असतं!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या हातानं बॅगेची चेन लावली आणि मागच्या माणसाला ओरडले, "चला, पुढे या! मॅडमना जळगावला जायचंय!"

* * *

प्रकाशाचा ठिपका केसाएवढ्या तारेच्या मध्यावर बसवायचा, म्हणजे टेबल कणभरही हलता कामा नये. परदेशात त्यासाठी हवेवर तरंगणारी टेबलं असतात. आमच्याकडे कडप्प्याची जाड फरशी होती आणि थोड्याच अंतरावर रेल्वे लाइन. मालगाडी गेली की ठिपका नाचायचा. एक्स्प्रेस गेली की गायबच!

मग आम्ही फरशीखाली स्कूटरच्या ट्यूब घालायचं ठरवलं. हेमंत आणि मी पंक्चरवाल्या रफिकभाईंकडे गेलो.

"चार ट्यूब. हवा भरून द्या."

"गाडी किधर है?"

"गाडी नाही. टेबलाला लावायच्या आहेत."

रफिकभाईंनी पाना खाली ठेवला. "टेबल कुठे घेऊन जाणार?"

"कुठेच नाही. ते हलू नये म्हणून तर लावायच्या!"

आजवर सगळ्या जगानं चाकं फिरावीत म्हणून त्यांच्याकडे हवा भरली होती. त्यांना हे पटेना. शेवटी हवा भरायला ते स्वतः लॅबवर आले. फरशी ठेवली, दिवा लावला, आणि तेवढ्यात मालगाडी आली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं थरथरली. ठिपका जागचा हलला नाही. हेमंतनं माझा हातच धरला!

रफिकभाईंनी फरशीवर थाप मारली, जशी ते ट्रकवर मारतात.

"चांगलं झालं. पण दर आठवड्याला हवा बघत जा, मॅडम. उभ्या गाडीची हवा लवकर जाते!"

* * *

आता धूळ. खानदेशातल्या धुळीबद्दल मी काय सांगावं! आमची छिद्रं इतकी बारीक, की धुळीचा साधा कण त्यांच्यापुढे धोंडा वाटावा. परदेशात अशा कामासाठी पांढरे झगे घालून, हवेचे फवारे अंगावर घेऊन खास खोलीत शिरतात. आमच्या खोलीत शिरायला चप्पल बाहेर काढायची, एवढाच विधी.

शेवटी माझ्या आईनं घरातली मच्छरदाणी दिली. धुऊन, ओलसर करून, तार भरायच्या टेबलाभोवती टांगली. आत एका वेळी एकच माणूस. थेंबात तारेचं टोक बुडवायचं आणि वात जसं तेल ओढते तसं छिद्रांनी द्रव ओढून घेईपर्यंत श्वास जपून घ्यायचा.

एकदा जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता. मागे ती पांढरी जाळी बघून तिनं फार गंभीरपणे विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं आहे? एवढं हलकं एन्क्लोजर मी पाहिलं नाही. मॉडेल नंबर पाठव."

मी मॉडेल नंबर शोधत होते, म्हणजे हसू दाबत होते, तेवढ्यात शनिवार उगवला. म्हणजे सोनवणे सर दारात आले. मच्छरदाणीच्या आत रुचिता डोळे मिटून, श्वास रोखून बसलेली.

सर हळूच म्हणाले, "खोली प्रयोगाला दिली होती, मॅडम. झोपायला नाही!"

* * *

भडगावला माझे मोठे काका राहतात, आबा. गिरणेकाठी केळीची बाग. सुट्टीत गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पोरी, तठे तू काय करस?"

"आबा, बारीक नळीत द्रव भरते."

"म्हंजे ठिबक!"

"ठिबक नाही आबा. नळी केसाएवढी असते."

"बारीक ठिबक."

"आबा, तिच्यातून प्रकाश जातो!"

"जाऊ दे ना. आपल्या नळीतून पाणी जातं, तुझ्या नळीतून उजेड. पण बठ्ठं जळगाव ठिबकनं भरेल शे. त्यासाठी इतला लांब जावानं काय काम व्हतं?"

मी हात टेकले. पण आबा थांबले नव्हते. पुढच्या खेपेला गेले, तर सकाळी ओट्यावर शेजारपाजारचे शेतकरी बसलेले. प्रत्येकाच्या हातात क्षारानं बुजलेली ठिबकची नळी. आबांनी पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं, "पोर परदेशातून नळ्यांचं शिकून आली!"

आता नाही कसं म्हणायचं? मी बागेत गेले, पाण्याचा आम्लपणा तपासला, अ‍ॅसिडचं प्रमाण काढून दिलं, कुठल्या क्रमानं सोडायचं आणि नंतर किती वेळ साधं पाणी चालवायचं तेही समजावलं. संध्याकाळपर्यंत पाणी टपटपायला लागलं. मंडळी खूश.

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देखा! पोर परदेशमा वाया नई गई!"

आता लॅबमध्ये कुठली तार बुजली की हेमंत म्हणतो, "मॅडम, आबांना फोन लावू?"

* * *

कित्येक महिने तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीच रंग दिसेना. पांढरा प्रकाश आत सोडायचा आणि बाहेर मळकट पांढराच यायचा. कधी द्रव मध्येच तुटलेला, कधी आत हवेचा बुडबुडा. शनिवारी "पडला का उजेड?" ऐकून मी "पडेल" म्हणायचे, पण आवाज आता पहिल्यासारखा येत नव्हता. रात्री झोपताना मे महिना मोजायचे.

आणि एका दुपारी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक टिपका उमटला. हिरवा!

कोणी टाळी वाजवली नाही. हेमंत म्हणाला, "कॅमेरा बिघडला." कॅमेरा बदलला. हिरवाच. "दिव्याची काच बघ." काच पुसली. हिरवाच. "पडद्याचं सेटिंग." सेटिंग बदललं. तरी हिरवा. दोष काढता काढता आम्ही थकलो, पण त्या टिपक्यात दोष सापडेना.

मग रुचिता पडद्याजवळ गेली. डोळे बारीक करून, मान तिरकी करून बघितलं, दुकानात ठाण उलगडून बघतात तसं.

"हा हिरवा नाही," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली. "मग?"

"पोपटी आहे."

मी तार हळूहळू तापवली. टिपका पिवळा झाला. "हळदी," रुचिता. आणखी तापवली. "केशरी." आणखी. "डाळिंबी! मॅडम, डाळिंबी!" मग निववत नेली, तर तो उलट्या पावली परत आला आणि पोपटीच्याही अलीकडे मोरपंखीवर जाऊन थांबला. तेव्हा कुठे हेमंत रडायला लागला, आणि त्याचं बघून आम्ही दोघी.

ते रंग आमच्या लॅबची भाषाच झाले. काटेकोर आकडे कॉम्प्युटरमध्ये असतात. पण तोंडी बोलताना "केशरीवर धर", "पोपटीवर आण" असंच चालतं.

रुचिताचे पप्पा एकदा धुळ्याहून मुद्दाम बघायला आले. मुलीनं त्यांना सगळे रंग ओळीनं दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे सगळे रंग एकाच धाग्यात?"

"हो, पप्पा."

"फक्त गरम-थंड करायचं?"

"हो."

पप्पांनी बोटांवर रंग मोजले. मग एक मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोडाऊन भरत बसलो!"

* * *

एप्रिल संपत आला. मी नात्यातल्या एका लग्नासाठी दोन दिवस भडगावला. मागे हेमंत आणि रुचितानं कपाटातून लिक्विड क्रिस्टलची बाटली काढली आणि उजेडात धरली.

हा द्रव एरवी पातळ ताकासारखा पांढुरका दिसतो. बाटलीत मात्र स्वच्छ पाणी! शिवाय तारेतला रंग डाळिंबीवर जाऊन बसलेला, काही केल्या हलेना. समिती तोंडावर आलेली. दोघांनी निष्कर्ष काढला: कंपनीनं फसवलं. आणि माझी वाट न बघता कंपनीला कडक ई-मेल धाडला, की तुम्ही आम्हाला पाणी विकलंत, ताबडतोब बदलून द्या.

कंपनी थंड देशातली. उत्तर तितकंच थंड आलं. "कृपया नमुना रूम टेंपरेचरला ठेवून तपासा."

हेमंतनं लिहिलं, "नमुना रूम टेंपरेचरलाच आहे."

"तसं असेल तर तो पांढुरका दिसायला हवा."

"दिसत नाही. म्हणूनच तक्रार आहे."

असं दिवसभर चाललं. शेवटी तिकडून विचारणा झाली, "आपल्या रूमचं टेंपरेचर किती आहे?"

रुचितानं भिंतीवरच्या थर्मामीटरचा फोटो काढून पाठवला. पारा चाळिशीच्या वर.

हा द्रव पस्तीस अंशांपुढे गेला की त्याच्यातली शिस्त मोडते आणि तो पाण्यासारखा नितळ होतो, हे दोघांनाही तोंडपाठ होतं. पण पुस्तकात! पुस्तक लिहिणाऱ्याच्या खोलीत पस्तीस अंश कधी होतच नाहीत. त्यामुळे पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' आणि आपली रूम यांचा काही संबंध आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्या फोटोनंतर कंपनीचे प्रश्न संपले. मग एक ओळ आली.

"नमुना ठीक आहे. आपण सगळे ठीक आहात ना? कृपया भरपूर पाणी प्या."

मी परतले तेव्हा दोघं मान खाली घालून बसलेले. मी आधी पोट धरून हसले. मग त्यांना म्हटलं, अरे, दुःख कसलं करता? जगभर ही तार भरायला द्रव तापवून नितळ करावा लागतो. त्यासाठी लोक हीटर लावतात. आपण नुसती खिडकी उघडायची! भरायला जळगाव, निववायला कूलर. एवढी सोय जगात कोणाकडे आहे?

त्या आठवड्यात आम्ही जेवढ्या तारा भरल्या, तेवढ्या सबंध वर्षात भरल्या नव्हत्या. हेमंतनं भिंतीवरच्या परदेशी सूचनांमध्ये 'रूम टेंपरेचर' या शब्दांपुढे पेनानं लिहून ठेवलं, "कोणाच्या रूमचं?"

* * *

आणि समितीचा दिवस.

मी प्राचार्यांना जानेवारीची तारीख मागून बघितली होती. पण समितीला वेळ होता तो मे महिन्यातच. "बरोबर शे," हेमंत म्हणाला. "मे मा जळगावला कोणीच येत नाही. म्हणून तर तारीख शिल्लक राहिली."

पाहुण्यांची गाडी उशिरा आली, त्यामुळे सकाळची वेळ टळून भर दुपार झाली. मोठ्या संस्थेतले अध्यक्ष, बरोबर दोन सदस्य, मागे प्राचार्य. दारात सोनवणे सर. शनिवार नव्हता, तरी आले होते. खोलीत कूलर चालू होता, हवा गार होती, पडद्यावर टिपका छान पोपटी. मी प्रस्तावना केली, अध्यक्षांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक. आता ट्यूनिंग दाखवा."

मी बटणाकडे हात नेला आणि वीज गेली.

कूलर थांबला. लॅपटॉप आणि दिवा बॅटरीवर होते, त्यामुळे पोपटी टिपका दिसत राहिला. पण तार तापवायची-निववायची छोटी प्लेट बंद पडली. तिचा भार आमच्या बॅटरीला झेपणारा नव्हता. रंग होता, पण तो बदलायला हातात काही नव्हतं.

"वीज येईपर्यंत आपण..." मी म्हणाले.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "आमची परतीची गाडी आहे, मॅडम. जे दिसलं त्यावर आम्ही लिहू."

दिसलं काय होतं? न बदलणारा एक टिपका. तसा तर सिग्नलचा दिवाही देतो! प्राचार्य माझ्याकडे बघेनात. या खोलीतलं एक वर्ष, हेमंतनं घरी सांगितलेलं, रुचितानं घरी सांगितलेलं, आबांनी गावभर सांगितलेलं, सगळं त्या एका टिपक्यावर येऊन थांबलं.

"मॅडम," रुचिता म्हणाली, "वीज नाही, पण ऊन तर आहे ना!"

आणि तिनं टेबलाशेजारची खिडकी सताड उघडली.

बाहेरची झळ आत आली तशी दोन्ही सदस्यांनी तोंडावर रुमाल धरले. उघडी तार म्हणजे केस. तिला तापायला कितीसा वेळ? पडद्यावरचा पोपटी हळदी झाला, हळदीचा केशरी, केशरीचा डाळिंबी.

अध्यक्ष पुढे झुकले. "हे कशानं झालं?"

"खिडकीनं, सर."

ते हसले नाहीत. "गरम काय, कोणीही करेल. आता परत आणून दाखवा."

परत! हेमंतनं खिडकी लोटली, पण खोली आता तापलेलीच होती. टिपका डाळिंबीवर ढिम्म. हेमंत माझ्याकडे बघतो, मी पडद्याकडे बघते.

दारात हालचाल झाली. सोनवणे सर आत आले. कोणाला काही न विचारता त्यांनी स्वतःचा टॉवेल कूलरच्या पाण्यात बुचकळला, पिळला, खिडकी पुन्हा सताड उघडली आणि दोन्ही हात वर करून तो ओला टॉवेल चौकटीत ताणून धरला. झळ टॉवेलमधून गाळून आत आली ती गार होऊन, खसाच्या पडद्यातून यावी तशी.

डाळिंबी केशरी झाला. केशरीचा हळदी. आणि मग सावकाश, पण अगदी ठामपणे, पोपटी.

"पुन्हा," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी टॉवेल खाली घेतला. डाळिंबी.

"पुन्हा."

टॉवेल वर. पोपटीकडे.

"परत एकदा. सावकाश."

सर अगदी इंचाइंचानं टॉवेल उतरवत होते आणि पडद्यावर रंग त्यांच्या हातांबरोबर चालत होता. हेमंत मागून हळूच ओरडत होता, "केशरी! सर, केशरीवर धरा!" आणि सर खरंच केशरीवर धरत होते.

आता अध्यक्षांना राहवेना. ते उठले, पडदा सोडून थेट तारेपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवून तिच्यावर वाकले. टेबल आणि खिडकी यांच्या बरोबर मध्ये. टॉवेल पूर्ण वर होता, पण रंग हळदीवरच अडला.

अध्यक्षांनी मान वर न करताच विचारलं, "प्राचार्य, ही खोली नक्की कोणाची आहे?"

प्राचार्यांनी घसा साफ केला. खिडकीकडे पाहिलं. सोनवणे सरांचे हात वर होते आणि कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

"लॅबची आहे, साहेब," सर म्हणाले. "आणि तुम्ही जरा बाजूला सरा, वारा अडतोय!"